पडदो हलवता कोण

“द्वारका गंगाराम कुबल,” मी केसपेपरवरचं नाव मोठ्याने वाचलं, आणि समोर बसलेल्या बाईंनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

कपाटाशी सुया मोजत असलेल्या परुळेकर सिस्टरांच्या तोंडून “अगो बाय माझे!” निघालं. बाईंच्या पाठीशी उभा असलेला त्यांचा मुलगा दिगंबर जमिनीकडे बघू लागला. मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नाव तर त्यानेच बाहेरच्या खिडकीवर लिहून दिलं होतं.

“काय झालं? चुकलं का नाव?”

कुणी बोलेना. त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की खोलीतला एक आवाज बंद झाला आहे. चौघांनी बाईंना खुर्चीसकट उचलून आणलं त्याला अर्धा तास झाला होता, आणि तेव्हापासून दर सात-आठ सेकंदांनी त्या अख्ख्या अंगाने उचकत होत्या. चार दिवसांपासूनची उचकी, खाणंपिणं तुटलेलं, झोप नाही. ती उचकी मी नुसतं नाव वाचल्याबरोबर थांबली होती.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते, सोलापूरहून बंधपत्राची नोकरी करायला आडबंदरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले त्याला सात महिने झाले होते, आणि मला सगळं येत होतं. माझा स्वभावच तसा. शंका मला फारशा येत नाहीत, तेव्हा तर मुळीच येत नसत.

बाईंनी कानांवरचे हात काढले. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत, डोळे तापाने लाल. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. पुढची उचकी आली नाही. मग त्या माझ्याकडे बघून अशा आवाजात बोलल्या की मी पेन खाली ठेवलं.

“थांबवलंस गो तू तेंका?”

“कुणाला?”

त्या रडायलाच लागल्या. उचकी थांबली म्हणून रडणारा पेशंट मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिला नाही.

सिस्टरांनी मला दंडाला धरून शेजारच्या इंजेक्शनच्या खोलीत नेलं. परुळेकर सिस्टर त्याच गावच्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, आणि मला मॅडम म्हणत असल्या तरी प्रसंगी शाळेतल्या मुलीसारखं झापायच्या.

“मॅडम, ह्यां नाव घेवचा नव्हता.”

“का? नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मी घेतलं तर काय बिघडलं?”

“तसा नाय. तुमच्याकडे उचकी लागली की काय करतत?”

आमच्याकडेही नावंच घेतात. कोण आठवण काढतंय म्हणून एकेकाचं नाव घ्यायचं आणि ज्याच्या नावावर उचकी थांबेल त्याने आठवण काढली असं धरायचं. माझी उचकी हटकून मावशीच्या नावावर थांबायची, कारण मावशीपर्यंत येईस्तोवर माझं दोन तांबे पाणी पिऊन झालेलं असे. मी सिस्टरांना तसं सांगितलं.

“तांच तां,” सिस्टर म्हणाल्या. “पयल्या दिसाक घरातल्यांनी सगळी नावां घेतली. गोव्याक दिलेला चेडू, मुंबयचे भाचे, कुडाळचो व्याही. शेजारणीन तर गेल्या वर्सा इकलेल्या म्हशीचा सुद्दा नाव घेतल्यान. थांबाक नाय. मगे एकच नाव रवला. तां काकीन कोणाक घेवक दिल्यान नाय.”

“का?”

“थांबात म्हणान.”

द्वारकाकाकींचा नवरा परदेशी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होता. दोन वर्षांनी एकदा दोन महिने घरी यायचा. तेरा वर्षांपूर्वी शेवटचा येऊन गेला. त्यानंतर दोनेक वर्षं कुठल्या कुठल्या बंदरांवरून पत्रं येत राहिली आणि मग तीही बंद झाली. त्या बोटीवर गावातलं दुसरं कुणी नव्हतं. गावाने आपापल्या परीने तर्क लढवले. कुणी म्हणालं तिकडे दुसरा संसार थाटला, कुणी म्हणालं बोट सोडून पळाला आणि तुरुंगात पडला. काकींनी कुणाशी वाद घातला नाही, कुंकू पुसलं नाही आणि त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि आता एकाएकी ही उचकी.

“चार दीस ते माझी आठवण काढतत, असा तिचा म्हणणा,” सिस्टर म्हणाल्या. “ते जिते आसत आणि तेंका आपली आठवण आसा. म्हणान ती कोणाक नाव घेवक देईना. आणि तुमी येवन एका दमात पुरा नाव वाचलास, आडनावासकट.”

मला हसू आवरेना. सिस्टरांनी डोळे वटारले तेव्हा आवरलं.

“सिस्टर, दचकलं की श्वास अडकतो, आणि श्वास अडकला की उचकी थोडा वेळ थांबते. मी गंगारामऐवजी बोंबील म्हटलं असतं आणि त्या दचकल्या असत्या, तरी थांबली असती. बघा तुम्ही, पाच मिनिटांत परत सुरू होईल.”

पाच नाही, बारा मिनिटं लागली. तोवर मी काकींना टेबलावर झोपवून तपासायला घेतलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या आणि मी विचारेन त्याला हूं की चूं करत नव्हत्या. ताप एकशे दोन. पंधरा दिवस रोज संध्याकाळी घाम फुटून अंथरूण भिजतं, हे दिगंबरने सांगितलं. मी नाडी धरून घड्याळाकडे बघत होते, तेवढ्यात त्यांचं अंग उसळलं. हुक्. मग पुन्हा. हुक्.

त्या माझ्याकडे वळल्या. चार दिवसांची उपाशी, तापलेली ती बाई नव्या नवरीसारखी लाजून हसली.

“परत इले,” त्या म्हणाल्या.

त्यांचा मूड सुधारला, माझं काम सोपं झालं. आता त्या भराभरा उत्तरं देऊ लागल्या. हो, उजवा खांदा दुखतो. पाणी ओढून ओढून दुखत असेल. उजव्या कुशीवर झोपवत नाही. भूक महिनाभर नाही. मी त्यांच्या उजव्या फासळ्यांमधून बोटाने एकेक जागा दाबत गेले, आणि एका ठिकाणी त्या ओरडल्या. मी बोट उचललं. मला सोनोग्राफी लागली नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत लागलं नाही. यकृतात गळू होतं, चांगलं मोठं, आणि ते वरच्या बाजूला तटतटून आलं होतं.

“काकी, नीट ऐका.” मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. “छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो. श्वास घेताना तो खाली जातो, सोडताना वर येतो. मानेतून एक शीर निघते ती त्या पडद्याला हलवते. तुमच्या उजव्या फासळ्यांखाली, यकृतात, पू झालाय. तो पू खालून पडद्याला आणि शिरेला टोचतो. टोचलं की पडदा दचकतो. तो दचकला की उचकी. खांदा दुखतो तोही त्याच शिरेमुळे, पाणी ओढल्यामुळे नाही. समजलं?”

त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं होतं. मध्ये तीन वेळा उचकल्या तेव्हा हात वर करून मला थांबवलंही होतं, एखादा शब्द सुटायला नको म्हणून.

“समजला,” त्या म्हणाल्या. “पडदो हलता म्हणान उचकी लागता.”

“बरोबर.”

“पण पडदो हलवता कोण?”

“पू, काकी. आत्ताच सांगितलं ना.”

“पू पंधरा दीस आसा म्हणतस. ताप पंधरा दीस आसा. उचकी चार दीस. मगे अकरा दीस पू काय निजलेलो?”

दिगंबरला कसंनुसं हसू आलं. गळू वाढत वाढत पडद्यापर्यंत पोचायला वेळ लागतो हे मी त्यांना सांगितलं. पण अडाणी बाईने मारलेली ही टाचणी मला जिथे लागायची तिथे लागली होती.

“हे बघा, आपण वाद नको घालायला. केंद्राची जीप दोन वाजता लसी आणायला जिल्ह्याला जाणार आहे. त्यात तुम्ही, दिगंबर आणि मी जायचं. तिथे सुईने पू काढतील. चार-पाच दिवसांत तुम्ही बऱ्या व्हाल.”

“आणि उचकी?”

इथे मला थाप मारता आली असती. पण मला तेव्हा खरं बोलण्याची फार हौस होती.

“पू काढला की थांबेल.”

“मगे माका जावचा नाय.”

“काकी, ते गळू फुटलं तर छातीत फुटेल नाहीतर पोटात. मग मी काही करू शकणार नाही आणि जिल्ह्याचे डॉक्टरही काही करू शकणार नाहीत. तुम्ही दोन दिवसांत जाल. मी भीती घालत नाही, होईल ते सांगतेय.”

“फुटांदे,” असं म्हणून त्यांनी परत भिंतीकडे तोंड केलं. “इतक्या वर्सांनी इलेत. मी कित्या तेंका परतवू?”

दिगंबर चिडला. आये, काय वेडगळपणा करतंस, उचलून घालतंय जिपीत, असं काहीबाही बोलला. मी त्याला बाहेर नेलं. पेशंटला ओढत नेलेलं मला चालत नाही. त्या वाटेत उठून बसल्या असत्या, हातपाय झाडले असते, आणि गळू फुटायला तेवढं पुरे होतं. घड्याळात एक वाजला होता.

केंद्राच्या मागे काजूची दोन झाडं होती. दिगंबर त्यातल्या एकाला टेकून उभा राहिला. तिशीचा, दणकट माणूस, स्वतःची होडी असलेला. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्याचा आवाज फुटला.

“बाई, तिका एक गोष्ट सांगलय तर येयत ती.”

“काय सांगितलं तर?”

तो झाडाची साल नखाने सोलू लागला.

“बाबा नाय आसत.”

“नाहीत म्हणजे?”

“त्र्याऐंशीत कंपनीचो कागद इलो. बोटीरच ताप इलो, चवथ्या दिसाक गेले. जमीन लांब होती, म्हणान दर्यातच सोडल्यानी.” त्याने साल टाकून दिली. “मी एकोणीस वर्सांचो. आयेक वाचूक येणा नाय, पत्रां मीच वाचून दाखवतंय. ती चुलीकडे भाकऱ्या थापीत होती. इचारल्यान, काय लिवल्यानी? माज्या तोंडातसून भायर पडला, कंपनीचो पत्तो बदललो म्हणान. वाटला, उद्या सांगूया. उद्या करता करता अकरा वर्सां झाली.”

“आणखी कुणाला माहीत आहे?”

“कोणाक नाय. बायलेक पण नाय.”

तो पुढे सरकला.

“आता सांगतंय. उचकी बाबांची नाय, तां तिका पटला की बसात ती जिपीत. तुमी फकत माज्या वांगडाक रवा.”

आता बघा, हे माझ्या मनासारखंच होतं. खरं माझ्या बाजूने, शास्त्र माझ्या बाजूने, आणि कागदही माझ्या बाजूने. पण उचकी परत आली तेव्हाचं काकींचं हसू मी नुकतंच पाहिलं होतं. पू भरलेल्या, तापाने फणफणलेल्या बाईला आत जाऊन तुझा नवरा अकरा वर्षांपूर्वीच मेला असं सांगायचं, आणि ती उठून जीपमध्ये बसेल अशी अपेक्षा करायची? ती त्या भिंतीकडून परत वळलीच नसती.

“तुम्ही काही सांगायचं नाही,” मी म्हटलं. “त्यांना मी जीपमध्ये बसवते.”

“कशी?”

“ते माझ्यावर सोडा.”

कशी ते मला अजिबात माहीत नव्हतं. पण मी असं म्हटलं की लोकांना धीर येतो, आणि लोकांना धीर आला की मला काहीतरी सुचतं. दारापासून टेबलापर्यंत दहा पावलं होती. आठव्या पावलाला सुचलं.

सिस्टरांना मी चहा सांगायला पाठवलं आणि काकींच्या उशाशी बसले.

“काकी, ते तुमची आठवण काढतात. बरं. तुम्ही त्यांची काढता का?”

“ह्यां काय इचारणा झाला?”

“रोज?”

“रोज.” भिंतीकडूनच उत्तर आलं.

“मग त्यांनाही उचकी लागत असणार.”

त्या हळूच वळल्या. मी घोडं पुढे दामटलं. तिकडे बोटीवर मोठ्या पातेल्यात कालवण ढवळताना मध्येच उचकी लागत असेल, हाताखालची माणसं थट्टा करत असतील, कोणी आठवण काढली रे म्हणून विचारत असतील. “आता तुम्ही जिल्ह्याला आला नाहीत आणि तुमचं बरंवाईट झालं, तर काय होईल? त्यांची उचकी थांबेल. त्यांना इथून कुणी पत्र पाठवणार नाही. पण रोज लागणारी उचकी एका दिवशी बंद झाली की त्यांना कळायचं ते कळेल. हे चालेल तुम्हाला?”

बोलताना मी स्वतःवरच खूश झाले होते. समुद्रात सोडलेल्या माणसाला मी पातेल्याशी उभा केला होता, आणि तोही इतका जिवंत की मला मसाल्याचा वास आला.

काकी माझा चेहरा निरखत राहिल्या. दोन उचक्या आल्या, गेल्या.

“दिगून सांगल्यान मा तुका?”

“काय?”

“मगाशी तू माज्याशी भांडत होतंस. पू आसा, शीर आसा, आठवणबिठवण सगळा खोटा. भायर जावन इलंस आणि एकदम तेंका उचकी लागाक लागली.” त्या कोपरावर रेटून उठून बसू लागल्या, मी पाठीला हात दिला. “खोटा बरा बोलतंस गो बाय. पण सवय नाय तुका.”

माझी अशी चोरी कुणी पकडली नव्हती.

“माका म्हायत आसा,” त्या म्हणाल्या. “कागद इलो तेवाच कळला.”

“पण तुम्हाला वाचता येत नाही.”

“कागद कोण वाचता? मी दिगूक वाचलंय. कागद इलो त्या दिसापासून तेणा मासो खाल्ल्यान नाय. पोट बिघडला म्हणालो. घरात बांगड्याचा तिकला आणि हो पेज घेवन बसता, वांगडाक आमाड्याचा लोणचा. मी दीस मोजलंय. तेरा. चवदाव्या दिसाक पयल्यासारखो जेवलो.” उचकीने त्यांना थांबवलं. ती जाऊ दिली, आणि मग म्हणाल्या, “मोजून तेरा दीस पोट कोणाचा बिघडता गो?”

तेरा दिवस. ज्या घरात माशाशिवाय घास उतरत नाही, त्या घरात एकोणीस वर्षांचा मुलगा बापाचं सुतक एकटा, पोटदुखीच्या नावाखाली पाळत होता.

“तुम्ही विचारलं नाही त्याला?”

“इचारून काय करतलंय? इचारलंय असता तर रडलो असतो.”

“आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?”

“मी?” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मी खाल्लंय. तेराय दीस त्याच्या समोर बसान मासे खाल्लंय. मी नाय म्हटलंय असता तर तेका कळला असता मा, आवशीक म्हायत आसा म्हणान. घास गिळणा नाय होतो. पाण्यावांगडा ढकललंय. पण खाल्लंय.”

माझे डोळे भरून आले. मला पेशंटसमोर रडू येत नाही, त्या दिवशी आलं.

“मग काकी, सगळं माहीत असताना ही उचकी...”

“पयल्या दिसाक वाटला, लागता कोणाकय. दुसऱ्या दिसाक वाटला, कागदच चुकलो आसात. तेंच्या नावाची धा माणसां आसतत. कंपनीन दुसऱ्याच कोणाचो कागद आमच्याकडे धाडल्यान आसात.” त्यांचा आवाज बारीक झाला. “इतकी वर्सां मी एकदा सुद्दा असा मनात हाडलंय नाय. आता ह्या चार दिसात हाडलंय. आता तू ही थांबवलंस तर ते परत एकदा मरतले गो.”

त्या खोलीत औषधांनी भरलेलं कपाट होतं आणि त्यात या वाक्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. बाहेर ड्रायव्हरने जीपचं बॉनेट आपटून लावलं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि मला जे येत होतं तेच केलं. खरं बोलले.

“उचकी थांबणार, काकी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबेल. त्याला माझा इलाज नाही. ती पुवामुळेच लागली आहे, कुणाच्या आठवणीमुळे नाही. पण मगाशी मी बोलले त्यातलं एक खोटं नव्हतं. तुम्ही गेलात तर त्यांची रोज आठवण काढणारं माणूस राहणार नाही.”

“दिगू काढता.”

“दिगू त्यांना किती ओळखतो?”

त्यांनी विचार केला. “दोन वर्सांनी दोन म्हयने. कितीसो ओळकतलो?” मग थोड्या वेळाने, माझ्याशी नाही, आपल्याशीच बोलल्यासारखं, “तेंका खोबरा बारीक वाटलेला लागा. दात चांगले आसान सुद्दा. आणि पाऊस पडाक लागलो की उगीच घरातल्या घरात फेऱ्या मारीत. बोटीची सवय. ह्यां दिगूक ठावक नाय.”

“नाहीच ठाऊक त्याला. तुम्हालाच ठाऊक.”

आणखी एक उचकी आली. या वेळी त्या तिच्याकडे लक्ष न देता टेबलावरून पाय खाली सोडू लागल्या.

“जीप कितीक जाता म्हणालंस?”

“दोनला.”

“सवादोन करूक सांग. ह्या लुगड्यात मी जिल्ह्याक जावची नाय.” पाय जमिनीला टेकले तेव्हा त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “आणि दिगूक सांगा नको, माका म्हायत आसा म्हणान. अकरा वर्सां जपल्यान हा.”

निदान बरोबर होतं. जिल्ह्याच्या सर्जननी त्याच संध्याकाळी अर्ध्या लिटरहून जास्त पू काढला आणि मला विचारलं, सोनोग्राफीशिवाय कसं ओळखलंत? मी म्हटलं, बोटाने. उचकी चौथ्या दिवशी सकाळी पेज पिता पिता थांबली. काकी त्यानंतर चौदा वर्षं जगल्या आणि माझी बदली झाली तरी दर उन्हाळ्यात मला फणसाची साटं पाठवत राहिल्या. मी नंतर पुष्कळ निदानं केली, बरीच मिरवण्यासारखी आहेत. पण उचकीचा पेशंट आला की मला आठवते ती दोन वाजून वीस मिनिटांनी निघालेली जीप.

मागच्या बाजूला समोरासमोर दोन बाकं होती. एकावर घोंगडी टाकून काकींना टेकवून बसवलं होतं, त्यांच्याजवळ दिगंबर, आणि समोर लसींच्या रिकाम्या डब्यांना पाय लावून मी. घाटीचा रस्ता, वळणावर वळण. दिगंबर माझ्याकडे बघायचं टाळत होता. मी आत काय जादू केली हे त्याला कळलं नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. आईला प्रत्येक उचकीबरोबर कळ येत होती ते मात्र त्याला दिसत होतं. शेवटी त्याने, तिला बरं वाटावं म्हणून, ओढूनताणून हसत म्हटलं, “आये, बगलंस मा? बाबा काय सोडणत नाय तुका.”

मी खिडकीबाहेर बघू लागले.

“होय रे,” काकी म्हणाल्या.

एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग त्यांनी त्याच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

“सकाळधरना कायएक खाल्लंस नाय.”

“नाय. भूक नाय.”

“थंय पोचलाव की जेव. खानावळी आसतत. मासे मिळतत.”

“बगूया.”

“बगूया नको. खा.” त्या थांबल्या. उचकी येऊन गेली. मग अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, “पोट बरा आसा मा आता तुजा?”

दिगंबरने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. मी एक शब्दही बोलले नव्हते. त्याने आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, अजिबात नजर न हलवता, आणि मी समोर बसून त्याच्या तोंडावरून एकेक दिवस उलटा जाताना पाहिला, पार त्या चुलीपर्यंत आणि भाकऱ्यांपर्यंत.

“आये,” तो म्हणाला. “तू तर मासे खायत होतंस.”

“खायत होतंय.”

होडी घेऊन भर समुद्रात जाणारा तो माणूस बाकावर आडवा झाला आणि आईच्या मांडीवर तोंड खुपसून हमसून रडू लागला. ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं, मी त्याला पुढे बघायची खूण केली.

“रड,” काकी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “रड आता.”

जिल्हा यायला अजून दीड तास होता. तेवढा वेळ तो तसाच पडून राहिला. काकींना उचकी आली की त्यांच्याबरोबर त्याचंही डोकं मांडीवर हलायचं.